वादळाच्या आधी मी मेलो

तमाम गावकरी बंधू-भगिनींना, ज्यांचं धान घरी आलं त्या भाग्यवंतांना आणि ज्यांचं धान कापून शेतात आडवं पडलं आहे त्या बाकीच्यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, समुद्र आपल्या गावाकडे निघालेला आहे. तरी सर्वांनी घाबरून न जाता आपापली ताडपत्री शोधून ठेवावी. ताडपत्री नसल्यास घाबरावं, आणि नंतर आमच्या दुकानात यावं.

ही घोषणा माझी. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात माझं बिछायतीचं दुकान आहे. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, पंगतीची भांडी, सगळं भाड्यानं देतो. दुकानाच्या टिनावर भोंगा बांधलेला आहे, आणि देवानं मला अक्कल बेताची दिली असली तरी आवाज अफाट दिलेला आहे. दिवाळीनंतर आमच्या भागात मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, गावोगावी नाटकं होतात, त्यात मी खलनायक होतो, सासरा होतो, क्वचित राजाही होतो. उरलेल्या दिवसांत भोंग्यावरून हरवलेल्या बकऱ्या जाहीर करतो.

समुद्र आमच्या गावात फारसा कोणी पाहिलेला नाही. वैनगंगेला पूर आला की तिलाच आम्ही समुद्र म्हणून घेतो. तरी दरवर्षी दिवाळी उलटली की अख्खं गाव समुद्राकडे कान लावून बसतं. कारण आमचं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान तेव्हाच कापणीला येतं. कापलेलं धान लगेच बांधत नाहीत. बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उन्हाला पसरून ठेवतात. त्याला कडपा म्हणतात. कडपा वाळला की भारे बांधायचे, भारे रचून पुंजणं उभं करायचं, वर ताडपत्री ओढायची आणि मग सुखानं नाटक बघायला जायचं. पण कडपा जमिनीवर असताना पाणी आलं तर लोंबीतच कोंब फुटतात. आणि दिवाळीनंतरचं पाणी आमच्याकडे एकाच ठिकाणाहून येतं. तिकडे बंगालच्या उपसागरात वादळ उठतं, आंध्राच्या किनाऱ्यावर आदळतं, आणि त्याची उरलीसुरली झड आमच्या कडप्यावर येऊन पडते.

म्हणून त्या दिवसांत चहाच्या टपरीवर प्रत्येकाच्या मोबाईलवर एक पांढरी भिंगरी फिरत असते.

“कुठी पोचलं बे?”

“अजून पाण्यातच आहे. आंध्रात घुसते म्हनते.”

“घुसू दे ना मंग. आपल्यापाशी येईपर्यंत त्याचा दमच निंगते.”

हे आमचं वादळाचं ज्ञान. आम्ही पिढ्यान् पिढ्या वादळाची फक्त शेपटी पाहिलेली. तोंड कसं असतं ते पाहायला तिकडे जावं लागतं. आमच्या घरातून एक माणूस तिकडे गेला होता.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. तिचा नवरा, आमचे भाऊजी, ऐन तरुणपणी गावच्या टोळीबरोबर किनाऱ्याकडे धान कापायला गेले. पोरगा तेव्हा नुकता पावलं टाकायला लागला होता. तिकडे वादळ आलं. टोळी एका राईस मिलच्या गोदामात शिरली. सकाळभर पत्रे फाटत होते, नारळाची झाडं मोडत होती, आणि मग एकदम सगळं थांबलं. वारा बंद. ऊन पडलं. दमलेले पक्षी अंगणात येऊन बसले, माणूस जवळ गेला तरी उडेनात.

आमची माणसं हसली. गेलं म्हणाली. आमच्याकडे पाऊस थांबतो तेव्हा थांबतो. मध्येच डोळा उघडून बघणारं आणि मग उलट्या अंगानं परत येणारं वादळ आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला कुठून माहीत असणार? टोळीचा भाताचा गंज, ते मोठं जर्मनचं भांडं, पलीकडच्या झोपडीत राहिला होता. भाऊजी म्हणाले, घेऊन येतो, नाहीतर खायचं कशात. समोरच्या घराच्या खिडकीतून तिथली माणसं हात हलवून तेलुगूत ओरडत होती. आमच्यांना वाटलं, तेही आनंदानं ओरडत आहेत. भाऊजींनी त्यांना उलट हात केला आणि गेले. मग वारा दुसऱ्या बाजूनं आला.

टोळी परत आली तेव्हा बाईच्या हातात त्यांची चादर दिली. आणखी द्यायला काही नव्हतं.

आमचं घर बौद्ध. आमच्याकडे भूत-प्रेत मानत नाहीत, त्यामुळे खरी पंचाईत भुतांचीच होते, त्यांना कुठे जागाच नाही. श्राद्ध नाही, पिंड नाही. माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायचा, मेणबत्त्या लावायच्या, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, जेवायचं. पण बाईनं तो कार्यक्रम करू दिला नाही. “म्या माती नाई पाह्यली,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून भाऊजी जिवंत की मेले, हा प्रश्न त्या घरात कधी बोललाच गेला नाही. आई मुलाला म्हणाली नाही, मुलानं आईला विचारलं नाही. तो प्रश्न घरातल्या एखाद्या माणसासारखा राहायला लागला. जेवायच्या वेळी त्याच्यासाठी जागा सोडून दोघं बसायची.

आणि बाईला वाऱ्याची भीती नाही. वारा थांबल्याची आहे. उन्हाळ्यात दुपारी पान हलेनासं झालं की ती दार लावून घेते. लाईन जाऊन पंखा थांबला की हातातलं टाकून उभी राहते आणि पुन्हा पातं फिरेपर्यंत बसत नाही. आम्ही हसायचो. मी तर नक्कल करून दाखवायचो, आणि ती स्वतःही हसायची, पण उभ्यानंच.

आता तिचा तोच पोरगा, माझा भाचा, बापाच्या त्या वेळच्या वयाचा झाला आहे. आणि या गाढवानं नोकरी कुठे धरावी? त्याच किनाऱ्यावर. झिंग्यांच्या गोदामात बर्फाच्या मशीनवर. का धरली, हे त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पगार बरा आहे, असं सगळे म्हणतो.

गेल्या साली भिंगरी फिरायला लागली तेव्हा बाईचा कडपा बांधीत पडलेला होता. गाव धानाची चिंता करत होतं. बाईनं धानाकडे बघितलंसुद्धा नाही. मोबाईल स्पीकरवर टाकून ती पोराशी बोलत होती आणि मी ओसरीत बसून ऐकत होतो.

“तू निंग तिथून.”

“माय, इथी सिमेंटची बिल्डिंग आहे. मजबूत.”

“मिल बी मजबूत होती.”

मग तो म्हणाला, “मालक सुट्टी नाई देत. बर्फ कोण पाहीन? घरी कोनी मेलं-गेलं तरच सोडते.”

“बरं,” बाई म्हणाली. “थांबलं तरी बाहेर निंगू नको. समजलं का? थांबलं तरी.”

“हाव माय.”

फोन ठेवला आणि ती माझ्याकडे बघायला लागली. ती कशी बघत होती ते मला अजून नीट सांगता येत नाही. वेड्यासारखी नाही, हिशेबी बघत होती.

“बाबू,” ती मला म्हणाली, “मी मेली म्हनून कळव.”

“बाई, तू मेली म्हटलं तं पोट्टा रस्त्यानं पागल होईन. नीट पोचनार नाई.”

“मंग कोन मरते?”

मोठा गंभीर प्रश्न होता. आम्ही खरोखर नावं काढायला लागलो. दूरचं कोणी मेलं तर मालक सोडणार नाही. फार जवळचं मेलं तर पोरगा सुटणार नाही. मधल्या मापाचं माणूस पाहिजे होतं. भिंतीपलीकडून माझी बायको ओरडली, “अवो, तुमीच मरा ना! तुमाले सवय आहे!”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. रंगमंचावर मी विषानं मेलो आहे, तलवारीनं मेलो आहे, एकदा तर मंडपाचा बांबू खरंच डोक्यात पडून दोन प्रवेश आधीच मेलो आहे. पण कोणाच्या कामी यावं असं मरण मला पहिल्यांदाच मिळत होतं.

निरोप मी देऊ शकत नव्हतो, मेलेल्याला ती मुभा नाही. बायकोनं दिला. भाच्याबरोबर गोंडपिपरीकडचा एक सोबती त्याच गोदामात आहे, त्याला फोन लावला. बायकोला अभिनय शून्य येतो. “मामाजी गेले,” एवढं बोलली आणि तिला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला. पलीकडे ते हुंदक्यासारखं पोचलं. “रडू नका मामीजी, मी घेऊन निंगतो त्याले,” असं म्हणत तो स्वतःच रडायला लागला. बायकोचं हसू तिथेच मेलं. फोन ठेवून ती माझ्याकडे न बघता आत गेली.

संध्याकाळी भाच्याचाच फोन आला, स्टेशनवरून. गर्दीचा आवाज येत होता. “माय, रडू नको. येऊन राह्यलो,” म्हणाला. बाईनं रडायचं नाटक करायचं ठरलं होतं. करावं लागलं नाही.

त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. सोबत्याचाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मौतीचा निरोप आम्ही तपासत नाही. फोन करून “खरंच मेला का?” असं विचारलं, तर विचारणाऱ्याच्या मनात काय होतं यावर पुढची वीस वर्षं भांडण चालतं. म्हणून ऐकलं की निघायचं. हातातलं काम खाली ठेवायचं, शेतात असेल तर शेतात ठेवायचं, मातीला वेळेवर पोचायचं. आधी रडून घ्यायचं आणि मग विचारायचं, गेला कशानं. आणि त्या गोंडपिपरीच्या गुणी पोरानं गाडीत बसण्याआधी मोबाईलच्या स्टेटसला माझा फोटो लावला होता. त्याच्यापाशी एकच होता, मंडईतल्या नाटकातला. डोक्यावर मुकुट, झुपकेदार मिशा, हातात पुठ्ठ्याची तलवार, आणि खाली जळती मेणबत्ती. “आमचे लाडके मामा आपल्यात राहिले नाहीत.”

वादळ अजून पाण्यातच होतं. माझं मरण तोवर नागभीडपर्यंत पोचलं होतं.

सकाळी मी मागच्या न्हाणीत आंघोळ करत होतो आणि घरासमोर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग रडण्याचा. मी टॉवेल गुंडाळून भिंतीशी आलो. बायको पाण्याला गेलेली, घर उघडं. ओसरीत नागभीडचे माझे साळे आणि त्यांचा सगळा गोतावळा होता, गोंडपिपरीची म्हातारी आत्या होती, आणि आत्यानं हेल काढून रडणं सुरू केलं होतं. आमच्या बायका रडताना मेलेल्याशी बोलतात. एकेक ओळ सोडतात आणि मध्ये श्वास घेतात.

“मेल्या, तुह्या आवाजानं गाव जागं होय रे… आता मले मंडईले कोन बोलावन रे… गेल्या साली माह्या हातात लाडू ठेवला रे…”

लाडू मी ठेवला नव्हता. माझ्या लक्षात होतं. पण ती ज्याच्यासाठी रडत होती तो ठेवणाऱ्यांतला होता. साळ्याच्या तोंडून कळलं की मी कधी कोणाला दुखवलं नाही, आणि मंडपाचं भाडं मागताना माझी जीभ उचलत नसे. मी भिंतीच्या अलीकडे उभा, अंगावरून पाणी ओघळतंय, आणि वाटलं, हा जो तिकडे पडलेला आहे तो माझ्यापेक्षा फार बरा माणूस होता. आता मी मध्ये गेलो तर तो जाईल. थट्टा नाही करत, माझं पाऊल उचलेना. काही क्षण असे गेले की मी नेमका कुठे आहे, ओसरीत की न्हाणीत, याची मला खात्री नव्हती. भाऊजींची आठवण आली. ते कुठे भिंतीआड उभे राहून असंच ऐकत असतील, आणि त्यांच्यासाठी तर कोणी रडलंही नाही. थंडी वाजली म्हणून मी शिंकलो.

रडणं थांबलं.

मी बाहेर आलो तेव्हा आत्यानं पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघितलं, सरळ आहेत की उलटे. मग थोबाडीत दिली.

“मेला नाईस? मंग काऊन बोलावलं बे आमाले? कडपा टाकून आलो आमी! वरतून पानी येऊन राह्यलं!”

“अन् टेम्पोचं भाडं कोन देईन?” साळा म्हणाला. “मेलेला का जिता?”

मी सगळं सांगितलं. सांगताना हातवारे केले, आवाज लावला, बायकोच्या हुंदक्याची नक्कल केली. एरवी हमखास हशा आला असता. सगळे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. शेजारच्या पायरीवर बाई बसली होती, तोंड सडकेकडे, मोबाईल कानाला. ती इतका वेळ तिथेच होती. तिनं आत्याचं रडणंही ऐकलं होतं आणि मान वळवली नव्हती.

आत्या तिच्याजवळ गेली. “लागते का?”

“एक बाई बोलते,” बाई म्हणाली.

तिनं मोबाईल आत्याच्या कानाला लावला. फोन बंद असल्याचं सांगणारी तेलुगू टेप होती. बाईनं ती कालपासून कितीदा ऐकली कोण जाणे, तिच्या बोलण्याची चाल तिला पाठ झाली होती.

“बंद आहे म्हनते वो,” आत्या म्हणाली.

“तेच म्हनते हे तुले का ठाव? तिले विचार, पोट्टा निंगाला का.”

आत्यानं आमच्याकडे बघितलं. मग मोबाईल तोंडासमोर धरून खरंच विचारलं, “अवो बाई, आमचा पोट्टा निंगाला का वो?” टेप आपलं बोलत राहिली. कोणी हसलं नाही.

मग आत्यानं लुगड्याचा पदर खोचला. “चला. आलोच आहो तं हिचं धान उचलू,” म्हणाली. पिशवीतून तिनं नवंकोरं पांढरं कापड काढलं, माझ्या अंगावर घालायला आणलेलं, आणि माझ्या खांद्यावर टाकलं. “घे. मातीचं कापड घरी वापस नेत नसते. गुंडाळ अंगाले.”

“आत्या, जिवंतपनी?”

“मंग मेल्यावर कोन आनन दुसरं? महाग आहे.”

अशा रीतीनं माझ्या मातीला आलेली माणसं बाईच्या बांधीत उतरली. त्यांचं स्वतःचं धान आपापल्या गावी उघडं पडलेलं होतं. दुपारी टीव्हीवर किनारा दिसला, वाकलेले नारळ, रस्त्यावरून वाहणारं पाणी. त्या बाजूच्या गाड्या जागोजागी उभ्या करून ठेवल्याचं सांगितलं. कोणती गाडी कुठे उभी आहे ते काही सांगितलं नाही. आमचा पोरगा त्या पाण्याच्या अलीकडे होता की पलीकडे, हे कोणालाच माहीत नव्हतं. भाऱ्याला गाठ मारता मारता साळा हळूच म्हणाला, “भाऊ, तिथीच राह्यला असता तं बिल्डिंगमधी तरी असता.” मी पुढचा भारा ओढला. मी सकाळपासून तेच सोडून दुसरा विचार केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शेपटी आली. आधी गार वारा, मग बारीक झड, कुठून येते ते कळू नये अशी. जंगलाची कड पुसून गेली. मग वैनगंगेकडची झाडं. मग आमचा शेवटचा बांधही दिसेना. पुंजणं बरंचसं रचून झालं होतं. मी वर चढून ताडपत्री ओढत होतो, आत्याचं कापड डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधलेलं. खालून साळा ओरडत होता, “भाऊ, चांगलाच शोभून राह्यला! फक्त खांदेकरी पायजेत!” बाई पुंजण्याच्या बुडाशी उभी होती. घरी थांब म्हटलं तर ऐकली नव्हती, बांधीतून सडकेवरून येणारी पायवाट दिसते म्हणून आली होती.

आणि झड थांबली.

नुसती थांबली नाही. वाराही गेला. ताडपत्रीचं फडफडणारं टोक माझ्या हातात एकदम मेलं. चिखलात बगळे बसले होते, माणसांच्या अगदी जवळ. धुकं जागच्या जागी उभं. एवढी माणसं काम करत होती आणि कोणाचा आवाज येत नव्हता.

“आत व्हा,” बाई म्हणाली. मग किंचाळली, “आत व्हा सारे! कोनी बाहेर राहू नका! संपलं नाई थे!”

आम्हा सगळ्यांना माहीत होतं की इथे डोळा-बिळा काही येत नाही. ही किनाऱ्यापासून कुठल्या कुठे आलेली, दमून गेलेली शेपटी होती. पण एकानंही तसं म्हटलं नाही. नागभीडची दांडगी माणसं, आत्या, शेजारचे, सगळे हातातले भारे घेऊन रखवालीच्या झोपडीत शिरले आणि दाटीवाटीनं उभे राहिले. साळ्यानं तर झोपडीचं ताटीचं दार ओढून धरलं. मी तेवढा वर अडकलो होतो, दोरी पायात गुंतलेली. आणि बाई स्वतः बाहेरच उभी. तिला आत घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावरून, कोणीतरी येताना दिसलं.

आधी नुसतं गडदपण. मग चाल. पावलं बाहेर फेकत, एक खांदा उतरता ठेवून चालणारा माणूस. ती चाल मी ओळखली. त्या चालीचा माणूस शेवटचा याच धुऱ्यावरून टोळीत गेला होता. त्याच्या एका हाताला काहीतरी लोंबत होतं, आणि मी भूत न मानणाऱ्या घरातला माणूस, वर पुंजण्यावर बसून म्हणालो की तो गंज आहे. बाईनं हात अर्धा उचलला आणि तसाच ठेवला. तिला कोण दिसत होतं ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

जवळ आला तेव्हा ती बॅग निघाली. तो भाचा होता. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला, डोळे सुजलेले. मागाहून कळलं, गाडी मध्येच अडली, मग दोघं ट्रकनं, मग पायी, मग बल्लारशापर्यंत कशीबशी रेल्वे. मोबाईल पाण्यात गेलेले. सोबती तिथून गोंडपिपरीकडे वळला, आणि हा सडकेवर उतरून, वाटेत एक माणूस न भेटता, बांधीतून सरळ घराकडे निघाला होता, माझ्या मातीला उशीर झाला म्हणून.

तो पुंजण्यापाशी आला आणि वर बघितलं. वर मी, पांढऱ्या कापडात, धुक्यात, जमिनीपासून हातभर नाही तर चांगला पुरुषभर उंच. एक माणूसही आसपास नाही, शेत सुनं, बगळे स्तब्ध. मला हाक मारायची होती. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज निघाला नाही.

तो पळाला नाही. घाबरलासुद्धा नाही. आई हाताच्या अंतरावर उभी होती, ती त्याला दिसलीच नाही. त्यानं बॅग खाली ठेवली, तोंडावरचं पाणी पुसलं, आणि इतकी वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखं, घाईघाईनं, मी पुन्हा नाहीसा व्हायच्या आत विचारून घ्यावं तसं, मोठ्यानं बोलला:

“मामा, बाबा भेटले का हो तिथी?”